हत्तिणीची सोंड आणि रुईची म्हातारी

एका डोंगराळ जंगलात हत्तींचा एक कळप राहत असे. कळपाची थोरली हत्तीण आता डोळ्यांनी अधू झाली होती. पण सोंडेने चाचपून ती वाट अचूक ओळखी, आणि सारा कळप बिनघोर तिच्यामागून चाले.

एकदा उन्हाळ्यात रुईची म्हातारी, म्हणजे रेशमी तंतूंचे ते हलके बी, तरंगत तिच्यापुढे आली. ती कुठे आहे हे पाहायला हत्तिणीने सोंड पुढे केली, तर नुसत्या श्वासाने ती भलतीकडेच उडाली. सोंडेच्या टोकाने थांबवली तेव्हा जागा कळली, पण ती कोणीकडे निघाली होती ते कळेना. मोकळी सोडली तेव्हा चाल कळली, पण नेमकी जागा सांगता येईना. सकाळभर हेच चालले. शेवटी हत्तिणीचा आपल्या सोंडेवरचा विश्वासच उडाला.

त्याच दुपारी रानात वणवा पेटला. कळप नदीकडे धावला. दोन्ही अंगांना भोवऱ्यांचे खोल डोह, आणि मधोमध पाण्याखालून गेलेला अरुंद कातळ. पलीकडे जायची तेवढीच वाट. हत्तिणीने कातळाला सोंड लावली आणि चटकन मागे घेतली. आपण चाचपले की वस्तू हलते. मग हा कातळ तरी जागेवर राहील कशावरून? मागे धूर दाटत होता, पिल्ले आयांच्या पोटाखाली शिरत होती, आणि तिचे पाऊल काही उचलेना.

काठावर एक वयस्क कासव होते. त्याने काय झाले ते विचारून घेतले आणि ते म्हणाले, "बाई, तुमच्या सोंडेत दोष नाही. म्हातारी हलकी, म्हणून श्वासाने उडाली. तिच्याहून कितीतरी बारीक, डोळ्यांना न दिसणारे कण असतात. त्यांना कोणी स्पर्श करो वा न करो, जागा आणि चाल दोन्ही एकदम पक्क्या नसतातच. तो नियम कातळालाही आहे; पण एवढ्या मोठ्या दगडात त्यामुळे पडणारा फरक इतका नगण्य, की शंभर वर्षे चाचपलात तरी जाणवायचा नाही."

"म्हणजे पाय टाकू, कासवदादा?"

"खुशाल टाका. मी जन्मभर त्याच्यावरूनच चालतोय."

हत्तिणीने पाय टाकला. कातळ जागच्या जागी होता. एकामागून एक सारा कळप पार झाला, आणि वणवा नदीशी येऊन थबकला. पैलतीरावर तिने प्रत्येक पिल्लाच्या पाठीवरून सोंड फिरवली. सगळी होती. मग ती तिथेच ओल्या वाळूत बसली आणि तिने ऊरभर श्वास घेतला.

तात्पर्य एवढेच : सूक्ष्मातली अनिश्चितता खरी असली, तरी तिच्या धास्तीने पायाखालच्या भक्कम वाटेवर अविश्वास दाखवू नये.