आर्जवाची नवी साळ

पूर्वी अश्मक देशात, गोदावरीच्या काठी पोतन नगरात सुभानू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्माला आला होता. त्याचे नाव क्षेमक. वडिलांमागे तो राजवैद्य झाला. रोग्याला तो सगळे उघड सांगे, आणि जे कळत नसे तिथे 'हे मला कळत नाही' असेही सांगे. म्हणून नगरात त्याच्या शब्दाला मान होता.

त्याच नगरात आर्जव नावाचा राजाचा कृषिपाल राहत असे. त्या काळी अश्मकातल्या भातावर कीड पडली होती. लोंबी दुधात आली की तुडतुडे उतरत आणि बघता बघता सगळे शिवार करपून जाई. कोठारे तळाला गेली. घरोघरी बायका पेजेत पाणी वाढवू लागल्या. आर्जव मात्र आपल्या एका वाफ्यापाशी हट्टाने बसून होता. रानातल्या बिब्ब्याच्या झाडाला ही कीड शिवत नाही, हे त्याने पाहिले होते. त्या झाडाचा गुण साळीत उतरवायचा, एवढे एकच वेड त्याला लागले. बियाणे बिब्ब्याच्या रसात मुरवायचे, पेरायचे, जगलेली रोपे निवडायची आणि पुन्हा मुरवायचे, असे करता करता त्याचे केस पिकले. शेवटी एका वर्षी भोवतालचे सगळे शिवार जळाले, आणि त्याचा वाफा तेवढा हिरवागार उभा राहिला.

राजाने त्याला मिठी मारली. सारी राजशेते त्या बियाण्याने पेरली गेली, कोठारे भरू लागली. मग राजाने क्षेमकाला बोलावून विचारले, "वैद्यराज, ही नवी साळ खायला निर्धोक आहे ना?"

क्षेमक म्हणाला, "अजून ठाऊक नाही, महाराज. मी आधी खाऊन पाहतो."

त्याच्या घरी नवा भात शिजू लागला. ज्यांनी आपण होऊन तयारी दाखवली, त्यांनाही त्याने तो दिला आणि हिवाळाभर त्यांच्याकडे लक्ष ठेवले. बहुतेकांना काही झाले नाही. मुलांची खप्पड गालफडे भरली. पण एका कुंभाराचे आणि एका विणकराच्या बायकोचे ओठ सुजले, घसा आवळला, आणि दोघेही मरता मरता वाचले. क्षेमकाने खोदून विचारले तेव्हा दोघांनीही एकच सांगितले, "आम्हाला लहानपणापासून बिब्बा उततो. नुसता लागला तरी अंग सुजते."

क्षेमक आधी आर्जवाच्या वाफ्यावर गेला. "आर्जवा, तुझी साळ चांगली आहे. पण बिब्ब्याचा गुण आला, तसा दोषही थोडा आला. ज्यांना बिब्बा उतत नाही त्यांनी ती खुशाल खावी. ज्यांना उततो त्यांचा मात्र जीव जाऊ शकतो."

आर्जवाची मुलगी सुमना जवळच्याच आळीत नांदत होती. तिच्या चिमुकल्या लेकीच्या, चित्रेच्या पायात काटा मोडला, तेव्हा त्यानेच तिथे बिब्बा लावला होता, आणि पोरीचा पाय मांडीपर्यंत सुजला होता. ते त्याला आठवले. पण तोंडातून निघाले ते वेगळेच. "हे ऐकले तर लोक हातही लावणार नाहीत हो. सगळेच नको म्हणतील."

"म्हणू देत. आपण खरे सांगू. दोन कोठारे वेगळी ठेवू आणि दवंडी पिटू. आपल्याला बिब्बा उततो की नाही, हे ज्याचे त्याला ठाऊक असते. आपल्या मुलांना काय वाढायचे ते आया ठरवतील."

राजाला हे पटले नाही. पाणवठ्यावर आधीच कुजबुज सुरू झाली होती. हे धान्य दोन जातींचे आहे, खाणाऱ्याच्या पोटी भलतेच जन्मेल, असे लोक बोलत होते. राजा म्हणाला, "भुकेल्याच्या कानात शंका घातली तर तो उपाशी मरेल. तू सभेत उभा राहा आणि 'सर्वांना निर्धोक आहे' एवढेच म्हण. नदीकाठची गावे तुला इनाम देतो."

"बहुतेकांना निर्धोक आहे, असे मी शंभरदा म्हणेन, महाराज. 'सर्वांना' हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही."

राजा संतापला. क्षेमकाने राजवैद्याची मुद्रा त्याच्या पायाशी ठेवली आणि वाडा सोडला. मग तो दारोदार फिरू लागला. कोणी नव्या साळीला विष म्हटले की तो सांगे, "विष नाही, माझ्या घरी रोज शिजते." कोणी अमृत म्हटले की सांगे, "अमृतही नाही. बिब्बा उतत असेल तर खाऊ नका." दोन्ही बाजूंच्या लोकांना त्याचा राग येई. सुमनेने मात्र त्याचे बोलणे नीट ऐकून घेतले आणि चित्रेसाठी जुन्या तांदळाचे मडके वेगळे ठेवले.

इकडे राजाने कोठारी आणि आर्जव दोघांना बोलावले. "जुने आणि नवे धान्य एकत्र करा. ओळखताच आले नाही, म्हणजे वादही उरणार नाही. आणि धान्य सर्वांना निर्धोक आहे, अशी दवंडी पिटा."

कोठाऱ्याने आर्जवाकडे पाहिले. साळ आर्जवाची होती. तो नको म्हणाला असता तर राजाने कदाचित ऐकलेही असते. पण दोन कोठारे वेगळी राहिली तर लोकांची जुन्यासाठी झुंबड उडेल, आपली साळ पडून राहील आणि आपले सारे आयुष्य तिच्याबरोबर कुजेल, असे त्याला वाटले. सुमनेकडे जुना तांदूळ आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली. "जशी आज्ञा," तो म्हणाला.

सुमनेचे मडके रिकामे झाले. ती कोठारावर गेली आणि पदर पसरून म्हणाली, "माझ्या लेकीला बिब्बा उततो हो. जुनाच द्या."

"जुनाच आहे, बाई," कोठारी म्हणाला. त्याने वर पाहिले नाही.

तिने घरी येऊन दाणा दाणा निवडला. दोन्ही तांदूळ दिसायला सारखेच होते. मऊ भात करून, त्यावर तूप घालून तिने चित्रेला भरवले. पोरीने आणखी मागितला. थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले, मग श्वास घरघरू लागला. क्षेमक धावत आला. जे जे ठाऊक होते ते त्याने सगळे केले. दिवस मावळायच्या आत चित्रा गेली.

आर्जव दारात येऊन उभा राहिला तेव्हा सुमना रडत नव्हती. ती म्हणाली, "बाबा, मी जुनाच मागितला होता."

"मिसळला होता, बाळे," आर्जव म्हणाला. "मला ठाऊक होते."

ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. दुसऱ्या दिवशी सारे नगर कोठारावर चालून गेले. राजा भ्याला आणि सज्जात येऊन ओरडला, "हे विष आहे! बियाण्यासकट सगळे जाळून टाका!"

क्षेमक कोठाराच्या दारात आडवा उभा राहिला. "काल तुम्हाला सांगितले की हे सर्वांना चालते. आज सांगतात की हे सर्वांना विष आहे. कालचेही खोटे होते आणि आजचेही खोटेच आहे. ती मुलगी फसवणुकीने गेली. आता भुकेने आणखी मुले नेऊ नका. बियाणे तरी राहू द्या."

कोणीतरी दगड मारला. रक्ताळलेल्या क्षेमकाला लोकांनी ओढून बाजूला केले आणि कोठार पेटले. भाजलेल्या भाताचा खमंग वास नगरभर सुटला. ज्यांनी आग लावली होती, तेच लोक उपाशी पोटी तो वास हुंगत उभे राहिले.

पुढच्या पावसाळ्यात तुडतुडे पुन्हा उतरले. आर्जवाकडे त्या साळीचा एक दाणाही उरला नव्हता, आणि नव्याने सुरुवात करायला आयुष्यही उरले नव्हते. कित्येक घरांना कुलपे लागली, कित्येक घरांत कुलूप लावायलाही कोणी राहिले नाही. क्षेमक नदीकाठी रानकंद उकडून लोकांना खाऊ घाली. कोणता कंद कोणाला सोसत नाही, ते आधी सांगे आणि मगच वाढी. सुमना त्याच्या हाताखाली मुलांना भरवत असे.

एकदा आर्जव तिच्याजवळ येऊन बसला. "माझ्या साळीने तुझी लेक नेली," तो म्हणाला.

सुमनेने चुलीतली लाकडे आत सारली. मग म्हणाली, "साळीला मी बोल लावत नाही, बाबा. तिने शेजारची पोरे जगवली होती. मला खरे सांगितले असते, तर मी माझ्या पोरीला कंद उकडून घातले असते. तुम्ही मला ठरवूच दिले नाहीत." तिने त्याच्या हातात कंदाची वाटी दिली. त्याने ती घेतली आणि जवळच्या मुलापुढे सरकवली.

जेतवनात ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. ती ज्याच्यामुळे निघाली, तो करडईचे तेल तिळाच्या तेलात मिसळून विकणारा उपल व्यापारी सभेत मागे मान खाली घालून बसला होता. शास्ता म्हणाले, "उपला, त्या वेळचा आर्जव तू होतास. तुला मिसळायला सांगणारा तुझा भागीदार तेव्हा सुभानू राजा होता. आज विहारात आजाऱ्यांची सेवा करणारी भिक्षुणी सौम्या म्हणजे सुमना, आणि क्षेमक वैद्य मीच होतो. अर्धे सत्य आणि अर्धी भीती एकाच ताटात वाढली की कोणते कुठले ते वाढणाऱ्यालाही निवडता येत नाही. त्या जन्मी मी जी पाळली, पण जिच्या बळावर एका मुलीलाही वाचवू शकलो नाही, ती सत्यपारमिता, म्हणजे सत्याचे पुरते पालन."