दोऱ्याची काकडी

चिमाक्का दरवर्षी परसातल्या वेलावरची एक काकडी दोरा बांधून बियाण्यासाठी राखायची. आईने दिलेलं वाण त्या एकीवरच जगायचं. गेल्या साली तिच्या लोणच्याची तारीफ ऐकून सुभेदार स्वतः आले. त्यांनी बोटभर कोवळ्या काकड्या खुडायला लावल्या आणि दोऱ्याची म्हणजे खास असणार, म्हणून तीही नेली. भीतीने चिमाक्काच्या तोंडून शब्द फुटला नाही.

यंदा सुभेदार पुन्हा दारात गरजले, "लोणचं कुठाय?"

तिने रिकामी बरणी पुढे केली. "दोऱ्याची काकडी बियाण्याची होती, सरकार. यंदाचं लोणचं तुम्ही गेल्या सालीच खाल्लंत."

सुभेदारांची मान खाली गेली. गावाने वाहवा केली. चिमाक्का मात्र रिकाम्या मांडवाकडे बघत पुटपुटली, "अगं जिभे, वेल हिरवा होता तेव्हा कुठे मेली होतीस?"