डेलियाची काठी

अवजारं बोलत होती त्या काळची गोष्ट. डोंगरावरच्या एका थंड गावात यमुनाकाकूंच्या परसात डेलिया फुलायची आणि एक काठी तिला आधार द्यायची. हिवाळ्यात डेलिया वाळली. काकूंनी तिचा देठ छाटला, काठी मात्र तशीच ठेवली.

खुरपं हसलं, "अगं, रिकाम्या मातीला कसला आधार देतेस? हो बाजूला, मला खणू दे."

"ती खाली निजलीय," काठी म्हणाली. "तुझं पातं तिच्या कंदाला लागू नये, म्हणून उभी आहे."

दव गोठलं. काठी बुडाशी कुजली, कलली, पण पडली नाही. ती दिसली की काकूंचा हात खुरप्यासकट वळसा घेई.

चैत्रात बोटभर कोंब वर आला. काठीकडे पाहून म्हणाला, "दमलीस ना? आता तू माझ्यावर टेक."