नावाड्याचे जोडलेले हात

एका खाडीच्या काठी एक नावाडी राहत असे. बाप्तिस्म्याचं नाव बस्त्याव, पण दोन्ही काठांवर त्याला सगळे नावाडीच म्हणत. त्याच्या होडीत माणसं मावत दहा, गप्पा मात्र शंभरांच्या. मासळी विकणाऱ्या कोळणी, भाजीवाल्या, कधी एखादी शेळी, सगळ्यांची ये-जा त्याच्याच होडीतून.

पलीकडे धक्का नव्हता, गुडघाभर चिखल होता. होडी लागली की नावाडी आधी स्वतः उडी मारी आणि बायांच्या जड टोपल्या एकेक करून कोरड्या जागी नेऊन ठेवी. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पलीकडच्या गावात भाविकांचं एक मंडळ होतं, 'नाझरेथचे सोबती'. त्यात ना फादर, ना सिस्टर. सुतार, शिंपीण, पाववाला अशी सगळी संसारी माणसं. येशूनं तीस वर्षं नाझरेथमध्ये घरच्यांत राहून काम केलं, तसं आपणही आपल्या घरात आणि आपल्या कामात देवाचं होऊन जगायचं, एवढाच त्यांचा नेम. नवख्यानं वर्षभर शिकायचं, मग मंडळाच्या सणाला मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, सगळ्यांसमोर वचन द्यायचं आणि गळ्यात लाकडी क्रूस घालून घ्यायचा.

नावाड्याच्या आईच्या गळ्यात तो क्रूस होता. मरताना तिनं तो पेटीत ठेवायला लावला आणि म्हणाली, "लायक झालास की घाल." त्या क्रुसासाठी नावाडी झुरत होता.

तो मंडळात शिरला आणि इथंच घोळ झाला. पूर्वी कधीतरी त्यानं एका मठात तांदूळ पोचवले होते. तिथलं मौन, तिथली घंटा, ते जोडलेले हात त्याच्या मनात भरले होते. देवाचं व्हायचं तर असं, हे त्यानं ठरवूनच टाकलं. होडीच्या टोकाला घंटा टांगली. मोठ्या अक्षरांत फळी लावली : 'होडीत मौन पाळावे.'

नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे. याचे तीनशे झाले. घंटा वाजवली की वल्ही वर, डोळे बंद. एकदा होडी वाहत वाहत तिवरांत जाऊन अडकली आणि शेळीनं तेवढ्यात कोळणीची वेणी खाल्ली, तरी याची जपमाळ संपेना. काठ आला की हा हात जोडून बसलेला, आणि बाया चिखलातून टोपल्या ओढताहेत.

बायको म्हणाली, "अवो, देवानं तुमच्या हातात वल्ही दिलीत, घंटा नाही."

"तुला यातलं कळत नाही," नावाडी म्हणाला.

सण आठवड्यावर आला, तशी मंडळाची थोरली असामी, सिमांवबाबा सुतार, होडीत येऊन बसली. मंडळाची एक रीतच होती. नवख्याला काही विचारायचं नाही. तो ज्यांच्यात कष्ट करतो त्यांना एकच प्रश्न विचारायचा.

"बायांनो," सिमांवबाबा म्हणाले, "हा आमच्यात आल्यापासून तुमचं काय बरं झालं?"

कुणी बोलेना. शेवटी म्हातारी कोळीण फळीकडे बोट दाखवून आपल्या ओठांवर बोट ठेवून बसली.

सिमांवबाबांना हसू आवरेना. "मी परवानगी देतो. बोल, आये."

"काय सांगू, बाबा? आधी हा आमच्या टोपल्या उचलायचा. देवाकडं वळल्यापासून याचे हात कायम जोडलेले. सुटतच नाहीत!"

मग काय, वर्षभराचं साचलेलं सगळं बाहेर आलं. सिमांवबाबा उतरताना एवढंच म्हणाले, "माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही रे. सणाच्या दिवशी पुन्हा विचारीन. तोवर क्रूस पेटीतच असू दे."

नावाडी घरी आला तो फणफणत. "यांच्यासाठी मी माळ ओढतो आणि ह्या माझ्यावरच उलटल्या!" रागारागानं त्यानं पेटी उघडली. आईच्या क्रुसाची दोरी मिठानं कडक झाली होती आणि तिला अजून मासळीचा वास होता. त्याला आई आठवली. हात जोडून बसलेली त्यानं तिला क्वचितच पाहिली होती. ती मासे साफ करता करता प्रार्थना म्हणायची आणि शेजारणीचं पोर मांडीवर घ्यायची. नावाड्याला स्वतःची फार लाज वाटली. कितीतरी वेळ तो आईचा क्रूस हातात घेऊन बसला.

सणाच्या सकाळी बायकोनं शिवलेला पांढराशुभ्र शर्ट घालून आणि आईचा क्रूस खिशात ठेवून त्यानं होडी हाकली. होडी लागली तशी पलीकडे देवळाची घंटा वाजू लागली. सवयीनं त्याचे हात जुळायला वर आले. समोर म्हातारी कोळीण टोपली डोक्यावर घ्यायला धडपडत होती.

हात अर्ध्यावरच थांबले. नव्या शर्टासकट त्यानं चिखलात उडी मारली.

"आण इकडं, आये!" आणि टोपली खांद्यावर घेत त्यानं मोठ्यानं सुरू केलं, "नमो मरिया..." होडीतल्या ख्रिस्ती बायांनी मागून साथ धरली. म्हातारी ख्रिस्ती नव्हती, तरी म्हणाली, "तुझ्या मरियामाउलीला माझाही नमस्कार सांग रे!" एका टोपलीमागं एक प्रार्थना. शेवटी शेळीलाही त्यानं उचलून काठावर ठेवलं.

देवळात पोचला तेव्हा मिस्सा अर्धी झाली होती आणि शर्टाचा रंग ओळखू येत नव्हता. बायकोनं कपाळाला हात लावला. सिमांवबाबांनी दारात गर्दी केलेल्या बायांना विचारलं, "हा आमच्यात आल्यापासून तुमचं काय बरं झालं?"

सगळ्या एकदम बोलू लागल्या. एक टोपल्यांचं सांगे, एक चिखलाचं, एक शेळीचं. नावाड्यानं वचनासाठी दोनदा तोंड उघडलं, पण त्याचा आवाज कुणाला ऐकूच येईना. अखेर सिमांवबाबांना हात वर करून ओरडावं लागलं, "बायांनो, जरा मौन पाळा!"

सगळ्यांत आधी नावाडीच खो खो हसला. मग डोळे पुसत त्यानं वचन दिलं, आणि आईचा क्रूस त्याच्या चिखलानं भरलेल्या छातीवर आला.

मौनाची ती फळी अजून आहे. पलीकडच्या काठावर चिखलात आडवी टाकलेली असते, बायांना उतरायला.

तात्पर्य : आपली भक्ती खरी की खोटी, हे आपल्याला नव्हे, आपल्या होडीत बसणाऱ्यांना आधी कळतं.