तहानलेला वारा आणि राणीचे हात

पाय इकडे कर बघू, मुक्ता. काय ह्या टाचा, शेतातल्या ढेकळांसारख्या. ईशान, तू हसू नकोस, तुझ्याही बघितल्यात मी. दोघं पांघरुणात शिरा आणि ऐका. मध्ये कोण बोललं तर गोष्ट तिथेच थांबेल, बरं का.

एका उंच पठारावर एक राजा राज्य करायचा. नाव धुंडिराज. पठारावर झाडं कमी आणि वारा फार. आणि तो वारा होता सदाचा तहानलेला. दोरीवर धोतर वाळत घातलं की त्यातलं पाणी पिऊन टाकायचा. माठातलं प्यायचा. आणि तेवढ्याने भागलं नाही, तर माणसांच्या अंगातलं प्यायचा.

राजाची राणी होती सगुणा. तिचं माहेर नदीकाठचं. मग काय, वाऱ्याला तिचीच कातडी गोड लागली. लग्न होऊन आली तेव्हा तिचे हात लोण्यासारखे होते. पुढे ते कोरडे पडले, मग उलले, मग भेगा पडल्या. रेशमी शालू नेसायला घेतला की बोटांना धागे अडकायचे.

तेही तिने चालवून घेतलं असतं. पण तिला मुलगा झाला.

त्या राज्यात रीत होती. बारशाला आईने बाळाच्या गालावरून हात फिरवायचा आणि मग कानात नाव सांगायचं. राणीने हात फिरवला मात्र, बाळाने असं भोकाड पसरलं की पाळण्याच्या दोऱ्या हलल्या. आई खरखरीत लागली त्याला. बारसं राहिलं. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा तेच. बाळ बसायला लागलं, रांगायला लागलं, तरी नाव नाही. सगळे त्याला नुसतं बाळराजे म्हणायचे. राणी पदराने हात झाकून लांबूनच त्याच्याकडे बघायची. आपलं मूल आणि आपणच हात लावायचा नाही, ह्यासारखं दुःख नाही, बाळांनो.

मग राजाने दवंडी पिटवली. राणीचे हात मऊ करील त्याला मागेल ते देऊ. दवंडी ऐकून तीन बाया आल्या. रानातून आली मधाई, हातात मधाचा बुधला. खालच्या गावातून आली तिळाई, तिच्याकडे घाण्याचं तिळाचं तेल. आणि कोकणातून घाट चढून आली कोकमाई, फडक्यात कोकमाच्या तेलाचा गोळा बांधून. हो, ते तेल असलं तरी घट्ट असतं. आपल्या फडताळात आहे ना, पिवळट गोळा, तेच.

तिघी आल्या त्या भांडतच. प्रत्येकीचं म्हणणं एकच, मी असताना ह्या दोघी कशाला?

आता ह्या राजवाड्यातली एक गंमत सांगायची राहिली. वाड्यातली फरशी काळी, गुळगुळीत. राजाचे आजोबा एकदा ओल्या पायांनी न्हाणीघरातून निघाले आणि भर दरबारापुढे घसरले. मुकुट गडगडत गेला तो थेट चुलीत. तेव्हापासून हुकूम होता, ओल्या अंगाने कोणी न्हाणीघराचा उंबरा ओलांडायचा नाही. त्यासाठी ठेवली होती काशाक्का. ती जाडाभरडा पंचा घेऊन दाराशी उभी राहायची आणि येईल त्याला खसाखसा पुसायची. राजाला सोडायची नाही, राणीला सोडायची नाही. पाण्याचा टिपूस उरू द्यायची नाही.

पहिल्यांदा मधाईची पाळी. राणी न्हाली, काशाक्काने तिला पुसपुसून काढलं, मग बाहेर चौरंगावर बसवून मधाईने हाताला मध लावला. मधाचा स्वभाव पाणी बोलावण्याचा. त्याने बाहेर हाका मारल्या, पण बाहेरचं पाणी वाऱ्याने केव्हाच प्यायलेलं. मग त्याने राणीच्या हातातलं उरलंसुरलं पाणी वर बोलावलं, आणि वाऱ्याने तेही पिऊन टाकलं. हात आणखीच उलले. वर मुंग्या लागल्या त्या वेगळ्याच.

मग तिळाईने तेल चोळलं. भेगा बुजल्या, हात चकचकीत दिसू लागले. राजा खूश झाला. पण रात्र सरेपर्यंत हात पुन्हा होते तसे. आतच कोरड, तर वरून गिलावा किती टिकणार?

मग कोकमाईने गोळा हातावर वितळवून चांगला लेप दिला. वारा आला आणि हात हलवत परत गेला, त्याला आत शिरायला फटच मिळेना. पण हात मऊ होतील तर शपथ. रिकाम्या घराला कुलूप लावून काय उपयोग? वारा काही नेईना, पण आत तरी काय होतं?

राजा तिघींवर वैतागला. म्हणाला, "उद्या तुम्ही आपापल्या घरी जा." राणी मात्र उठली. ती न्हाणीघरात जाऊन बसली. तिथे सुईणबाई पाय पसरून बाळराजांना न्हाऊ घालत होत्या. अंघोळ झाली, सुईणबाईंनी मऊ फडक्याने त्याला नुसतं टिपलं आणि अंग ओलं आहे तोवर तेल लावलं. बाळ कसं, तर खव्याच्या गोळ्यासारखं.

राणीने विचारलं, "काशाक्का, ह्याला तुम्ही का नाही पुसत?"

"राणीसाहेब, हुकूम चालणाऱ्यांना आहे," काशाक्का म्हणाली. "बाळराजे अजून कडेवर असतात. पहिलं पाऊल टाकू द्या, मग माझा पंचा आहेच."

 बाळराजे तर पाण्याच्या घंगाळ्याला धरून उभे राहायला लागले होते. आज ना उद्या पाऊल टाकणार, आणि मग त्याचेही हात असेच होणार.

राणी बाळाकडे बघत राहिली. मग काशाक्काच्या पंच्याकडे बघितलं. आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी राणी न्हाली आणि पाटावरून उठलीच नाही. काशाक्का पंचा घेऊन पुढे आली तशी राणी म्हणाली, "थांबा. उंबरा ओलांडायचा नाही एवढाच हुकूम आहे ना? मी नाहीच ओलांडत. त्या तिघींना आत बोलवा."

तिघी आल्या आणि दारातच पुन्हा जुंपली, पहिली कोण. राणी म्हणाली, "भांडू नका. ज्याचं त्याचं काम सांगा."

"मी पाणी धरून ठेवते," मधाई म्हणाली.

"मी भेगा सारवते," तिळाई म्हणाली.

"आणि मी दार लावते," कोकमाई म्हणाली.

राणी हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. म्हणाली, "अहो, मग घरात करतो तसंच करा. आधी पाणी भरायचं, मग सारवायचं आणि दार शेवटी."

मग ओल्या हातांवर मधाईने मधाचं पाणी लावलं. त्यावर तिळाईने तेल चोळलं. वर कोकमाईने गोळा फिरवला. इतके दिवस एकमेकींची तोंडं न बघणाऱ्या तिघी राणीच्या हातावर वाकून बसल्या होत्या, डोक्याला डोकी लावून.

असं रोज चाललं. कोणी घरी गेलं नाही. भेगा भरत आल्या, आणि एक दिवस रेशमी शालू बोटांवरून सरसर निघून गेला.

त्याच दिवशी काय झालं, न्हाऊन टिपलेले बाळराजे घंगाळं सोडून उभे राहिले. एक पाऊल टाकलं. मग दुसरं. तुरुतुरु उंबरा ओलांडून ओल्या पायांनी बाहेर, आईकडे. काशाक्का पंचा घेऊन मागे धावली. राजा सिंहासनावरून उठला. बाळ काळ्या फरशीवर घसरलं आणि राणीने त्याला वरच्यावर झेललं.

सगळ्यांना वाटलं, आता हा रडणार.

राणीने त्याच्या गालावरून हात फिरवला. बाळाने आईकडे बघितलं. मग तिचा हात पकडून दुसऱ्या गालाला लावला. राणीचे डोळे वाहायला लागले, आणि इतके दिवस जपून ठेवलेलं नाव तिने त्याच्या कानात सांगितलं. श्रीरंग.

काशाक्काने पदर डोळ्याला लावला आणि पंचा उंबऱ्याबाहेर अंथरला. म्हणाली, "महाराज, ह्याच्यावर पाय टेकून यावं. घसरणं बंद." राजा कपाळाला हात लावून म्हणाला, "हे आजोबांना का नाही सुचलं?" मोठ्या लोकांचं असंच असतं, बरं का. हुकूम लगेच सुचतो, पायपुसणं सुचत नाही.

तिघी बायांनी बक्षीस काय मागितलं? तर एकच खोली, तिघींना मिळून. आणि तो वारा? तो घिरट्या घालून दमला आणि तळ्यावर जाऊन पोटभर पाणी प्यायला. सगळे सुखात राहिले.

उठा आता दोघं, पाय धुऊन या, पुसू नका. हं, आण मुक्ता, तुझे पाय. धुऊन आलीस ना, आहेत ना अजून ओले? मग ठीक. हा फिरवला गोळा. ईशानचे पण झाले. खिडकी वाजतेय ती वाजू दे, वारा आहे तो. त्याला म्हणावं, आमच्याकडे दार लावून झालंय. मिटा डोळे.