खालच्या डोहातले गोटे

"मग खडस मासा परत कधी दिसेल, तात्या?"

मी हे तिसऱ्यांदा विचारत होतो. हिरामणतात्या जाळ्याची फाटकी बाजू विणत बसले होते. तात्या भोई, पंचाहत्तरी ओलांडलेले. मी पुण्याचा, नदी-सुधार योजनेत सर्वेक्षण करणारा. त्याआधी नदी म्हणजे मला पुलावरून दिसणारी गोष्ट, बस. ती वाचायला शिकवली तात्यांनी.

गाडीवरून उतरल्यापासून मी बोलतच होतो. बातमीच तशी होती ना. योजनेचा दुसरा टप्पा मंजूर झाला होता. धोरणात नवा शब्द आला होता, 'अधिवास'. म्हणजे आता चक्क माशांच्या घरासाठी निधी.

"आणि पहिल्या टप्प्यात काय होतं?" तात्यांनी विचारलं.

"खोलीकरण. तुम्हाला माहितीये की."

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

...

"गाळ काढायचा होता. फॉर्ममध्ये गोट्यांना रकानाच नव्हता हो. मग खालच्या डोहातलं सगळं मी... गाळ म्हणून लिहिलं."

"खडस त्या गोट्यांत अंडी घालतात, हे ठाऊक होतं तुला?"

"तुम्हीच तर दाखवलं होतंत."

तात्यांनी जाळ्याची पुढची गाठ मारली. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

दोन पावसाळे झाले त्याला. खालचा डोह आता हौदासारखा दिसतो. काठाला तारेच्या जाळ्यांची भिंत, आणि जाळ्यांत भरलेत त्याच डोहातले गोटे. उद्घाटनाचे फोटो मीच काढले होते. छान आले होते.

"पण दुरुस्त करता येतं ना आता," मी म्हणालो. "गोटे गेलेत कुठे? इथेच आहेत. जाळ्या कापायच्या, गोटे परत डोहात टाकायचे. प्रस्तावाला फक्त गावातल्या जाणत्या माणसाची सही लागते. तुम्ही केलीत की सोमवारी देतो."

"टाकणार कशाने?"

"जेसीबीने. हाताने कोण टाकणार, तात्या?"

तात्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "चल जरा वर."

वरचा डोह देवाचा. तिथे कोणी गळ टाकत नाही, म्हणून मशीनही गेलं नव्हतं. तात्या गुडघाभर पाण्यात उतरले. मागोमाग मी.

"उचल एक."

मी एक गोटा उचलून उलटा केला. खालून तो नुसता जिवंत होता. वाळूचे कण चिकटवून केलेली किड्यांची इवलीशी घरं, आणि त्यांच्यामधून पळणारं काहीतरी. माशांच्या पिल्लांचा खाऊ. मी फोन काढला, चार फोटो घेतले, म्हटलं, प्रस्तावाला लावायला भारी आहेत हे. आणि गोटा तसाच उलटा ठेवून दिला पाण्यात, बाजूलाच.

तात्या वाकले.

तोच गोटा त्यांनी उचलला, पालथा केला आणि ज्या खळग्यातून निघाला होता त्यात बसवला. हलवून बघितला. डुगडुगत होता. पुन्हा उचलला, थोडा फिरवला, पुन्हा बसवला.

भोयांची रीतच आहे ती. गोट्याची खालची बाजू बघायची, आणि होता तसा ठेवायचा.

एका गोट्याला इतका वेळ लागला, की मीसुद्धा बोलायचा थांबलो.

...

परत खाली आलो. भिंतीपाशी उभं राहून मी खिशातला कागद काढला. पेन पुढे केलं.

"तात्या... चुकलं माझं. पण हे तरी करू द्या मला."

तात्यांनी धोतराला हात पुसले. पेन घेतलं. कागद भिंतीवर टेकवला. जाळीतले गोटे उन्हात पांढरे पडले होते.

"करतो की सही," ते म्हणाले. "यातला एक गोटा दाखव मला. एकच. ज्याची खालची बाजू कुठली, हे तुला ठाऊक आहे."