हौसाबाईचा श्वास

फार फार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठच्या एका गावात फुटबॉल आला, पण हवा भरायचा पंप काही आला नाही. चामड्याच्या बॉलात रबरी फुगा असायचा, तो तोंडानं फुगवायचा आणि वरून वादी आवळायची. गावात पेठेपेठेच्या तालमी आपापला संघ उतरवायच्या, आणि चिंचपेठ तालमीत हा फुगवायचा मान इंगवल्यांच्या घराचा. घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषानं फुंकायचं, पोरांनी खेळायचं. आधी आजा फुंकायचा, त्याच्यामागं त्याचा लेक दौलूबा फुंकू लागला. परक्याचा श्वास बॉलात गेला तर पेठ हरते, असं म्हणतात. निदान चिंचपेठेत तरी म्हणायचे.

या घरात हौसाबाई दौलूबाची सून होऊन आली, ती नेमकी घाटपेठेतून! घाटपेठ म्हणजे चिंचपेठेची हाडवैरी. नवरा रंगराव इकडे गोलकीपर, पाठचा भाऊ तिकडे पुढच्या फळीत. गोल कुणीही केला तरी बिचारीला टाळी वाजवायची चोरी.

त्या वर्षी मात्र तिच्या जिवाला निराळाच घोर लागला. दौलूबाला दमा जडला होता. आता फुगा फुगवला तर म्हातारा हाती लागायचा नाही, असं वैद्यानं बजावलं होतं. आणि घाटपेठेबरोबरचा सामना तर तोंडावर आला होता.

"मामंजी, ह्यांस्नी फुगवू द्या की," ती म्हणाली.

"खेळणाऱ्यानं दम राखायचा असतोय, पोरी. आपल्या घरात असंच चालत आलंय. मी मेलो तरी चालंल, पेठ हराय नगो."

हौसाबाईला त्याचा संताप आला आणि रडूही आलं. आईविना वाढलेल्या या सुनेला त्यानं लेकीसारखं सांभाळलं होतं.

सामन्याआधी दौलूबानं फुगा फुगवलाच. ओठ निळे पडले, पण निभावलं. हौसाबाई बांधावर बायकांत बसली होती. तिचं खेळाकडं लक्षच नव्हतं, ती म्हाताऱ्याची छाती वरखाली होते का तेवढंच बघत होती. गोल एकही झाला नव्हता, आणि मध्यंतराला कुणीतरी ओरडलं, "बॉल मऊ पडलाय!"

सगळ्या मैदानानं दौलूबाकडं पाहिलं. म्हाताऱ्यानं वादी सोडून फुग्याची नळी तोंडाला लावली, दोनदा फुंकलं आणि खोकत खोकत तो आडवा झाला. तशी ती बांधावरून धावत सुटली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्याच्या हातातला फुगा ओढला आणि फुंकायला लागली.

"अरं, घाटपेठेचा श्वास हाय तो! काढून घ्या!" लोक अंगावर धावले. रंगराव आडवा उभा राहिला. "माझ्या घरची हाय ती. हात लावून बघा!"

हौसाबाईनं कुणाकडं बघितलं नाही. मांडीवरच्या जिवाला हार ऐकवू नको देवा, आणि माझ्या भावालाही नको, एवढंच ती मनात घोकत होती. चुलीत फुंकर घालणारी छाती ती, फुगा टणक झाला.

मग त्याच बॉलावर खेळ पुन्हा सुरू झाला, आणि जे झालं ते कुणी कधी पाहिलं नव्हतं. बॉल घाटपेठेच्या गोलाकडं गेला की तोंडाशी जाऊन मागं वळायचा. चिंचपेठेकडं आला की तिथूनही वळायचा. एकदा तर तो रंगरावच्या डोक्यावरून गेला, आत शिरणार तोच हवेत थबकला आणि उलटा फिरला, असं म्हणतात. वारं नव्हतं, झाडाचं पान हलत नव्हतं. दोन्हीकडची पोरं दमून बसली, बॉल काही कुणाचा झाला नाही. शेवटी दिवस मावळला आणि पंचांनी शिट्टी फुंकली.

दौलूबानं डोळे उघडले. "हरलो?"

"न्हाई, मामंजी."

"मग जिंकलो?"

"न्हाई."

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला आणि हसला. हसता हसता त्याची छाती मोकळी झाली, असं म्हणतात. पुढं तो पुष्कळ जगला, पण फुगा पुन्हा त्यानं हातात धरला नाही. तो मान त्यानं पेठेसमोर सुनेला दिला. हौसाबाईनं फुगवलेला बॉल तिच्या हयातीत कधी मऊ पडला नाही.

आता पंप आले, चामडंही गेलं. तरी या दोन पेठांचा सामना असला की इंगवल्यांची थोरली सून मैदानात येते आणि बॉलवर एक फुंकर घालते, तोवर दोन्ही बाजूंचा आरडाओरडा बंद. आणि त्या दिवशी बघायला आलेल्या कुठल्याही सुनेला, तू कुणाच्या बाजूची, असं विचारायचं नाही. जो विचारेल त्याला हाताला धरून बाहेर काढतात, मग तो तालमीचा अध्यक्ष का असेना.